फक्कीची पहिली रेघ

सोलापुरात पावसाचा भर सप्टेंबरात असतो. जून-जुलैत आभाळाकडे डोळे लावायला लावणारा पाऊस गणपतीच्या सुमारास जोर धरतो आणि खो-खोच्या मैदानाचा चिखल करून टाकतो. येथील काळी माती ओली असताना पायाला गोळ्यासारखी चिकटते आणि सुकली की भेगाळते. दोन्ही अवस्थांत तिच्यावर धावणाऱ्याचा घोटा धोक्यात असतो. त्यामुळे नव्या हंगामाचे पहिले दिवस खोऱ्यांचे आणि घमेल्यांचे असतात.

शहरातील एका क्रीडा मंडळाच्या या मैदानावर शाळा सुटल्यावर जमलेली मुले हरळी आणि गाजरगवत उपटत आहेत. काहीजण चाळलेला मुरूम पसरत आहेत. मुरूम चाळावाच लागतो, कारण त्यात राहिलेला एखादा खडा सूर मारणाऱ्या खेळाडूचे कोपर सोलून काढतो. संध्याकाळी पाणी मारले जाते, पण रोलर लगेच फिरत नाही. शेतकरी पेरणीसाठी जसा वाफसा पाहतो, तसाच तो येथेही पाहिला जातो. मातीचा गोळा हातात दाबला, तो चिकटला नाही आणि पार भुगाही झाला नाही, म्हणजे रोलर ओढण्याची वेळ झाली, हे मंडळातील जुने खेळाडू मुलांना शिकवतात. आमच्या मते प्रशिक्षणाचा हा पहिला धडा आहे आणि तो कोणत्याही शिट्टीपेक्षा महत्त्वाचा आहे.

खंडेनवमीला, ज्या दिवशी घरोघरी मागाची आणि हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी मंडळाच्या खोलीत आडवे ठेवलेले दोन लाकडी खांब पॉलिश पेपरने घासून हळद-कुंकू आणि झेंडूने पूजले जातात. त्यानंतर ते खड्ड्यात उभे राहतात, भोवती दगड ठासले जातात आणि दोन-तीन जण पूर्ण जोर लावून ते हलतात का, हे पाहतात. जमिनीवर साधारण १२० सेंटिमीटर उंच असलेल्या या खांबाला पकडून आक्रमक वेगाने वळतो आणि पळणाऱ्यावर झेपावतो. त्या क्षणी त्याच्या सगळ्या देहाचा भार एका पंजावर असतो. खांब हलला, तर खांदा निखळू शकतो.

मग येते फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी भुकटी. सुतळी ताणून २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद चौकट आखायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे; दोन्हीकडे ३१ मीटर ३८ सेंटिमीटर भरले, तरच मैदान काटकोनात आहे. दोन खांबांमध्ये २४ मीटरचे अंतर, त्यांना जोडणारी मधली पाटी, म्हणजे आखलेला अरुंद पट्टा, आणि तिला छेदणाऱ्या ८ आडव्या पाट्या. या ८ छेदांवर ८ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा, म्हणजे आक्रमक, पळणाऱ्याच्या मागे धावतो. धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, तर पळणाऱ्याला कोठेही वळण्याची मुभा असते. तो हूल देतो, थबकतो, पाटीतून पलीकडे निसटतो. हे थबकणे जमिनीच्या भरवशावर असते, आणि म्हणूनच एवढी मेहनत.

या खेळाचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम बांधले. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४–३६ असे हरवले. त्या भारतीय संघात सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा रामजी कश्यप होता. माळशिरस तालुक्यातील हे नाव आज येथील प्रत्येक लहान खेळाडूच्या तोंडी आहे, आणि ते असायलाच हवे.

विश्वचषक मात्र मॅटवर खेळला गेला. मैदानात ७ जणांचा संघ आणि त्यात कोणत्याही दिशेने वळू शकणारा वजीर, असे त्याचे रूप पारंपरिक खेळाहून वेगळे होते. मातीवर अनवाणी शिकलेल्या मुलीला मॅटवर बूट घालून उतरावे लागते, तेव्हा तिच्या थबकण्याचा अंदाज चुकतो. ज्यांच्या आया दिवसभर विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर उभे असतात, त्या मुलांच्या मंडळाला मॅट विकत घेणे सोपे नाही. माती सुटू नये, पण मोठ्या स्पर्धेपूर्वी काही आठवडे तरी मॅट पायाखाली मिळावी, ही या मंडळांची मागणी आम्हाला पूर्णपणे रास्त वाटते.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी नाणेफेक होते. घरी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी मुले पाट्यांवर बसतात आणि पळणाऱ्या तिघांची पहिली तुकडी आत येते. शिट्टी वाजते. पाठीवर थाप पडते, ‘खो’ असा आवाज उठतो आणि बसलेली मुलगी उठते ती धावतच. ९ मिनिटांची पाळी संपते, तेव्हा मधल्या पाटीची रेघ निम्मीशिम्मी पुसलेली असते. दुसऱ्या पाळीपूर्वी एक लहान मुलगा फक्कीचा डबा घेऊन, सुतळीवर नजर ठेवून, ती पुन्हा ओढू लागतो.