मोतीबिंदू पिकतो, काचबिंदू नाही

श्रोते हो, नमस्कार.

मागच्या वेचणीच्या हंगामात आमच्या शिबिरात एक आजोबा आले. म्हणाले, "मले समोरचं तं बराबर दिसते. पन डाव्या अंगाचा बैल कवा जवळ येते, तेच समजत नाही." तक्ता त्यांनी खालच्या ओळीपर्यंत वाचला. सोबत आलेला मुलगा म्हणाला, मोतीबिंदू असंल, पिकू द्या, मग पाहू.

पण आम्हाला शंका आली ती काचबिंदूची. पिकायची वाट पाहणं मोतीबिंदूतही आता लागत नाही. पण तिथं ऑपरेशननं नजर परत तरी येते. काचबिंदूत गेलेली नजर येत नाही. औषधानं उरलेली वाचवायची असते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. अनेकदा डोळ्यातला दाब वाढून ते सुकत जातात. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून माणूस सायकलही चालवतो, बाजारही करतो.

आजोबांची हनुवटी कॅमेऱ्याच्या टेकूवर ठेवली. एक चमक, आणि डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा फोटो समोर. नारिंगी पडद्यावर एक फिकट चकती दिसते, तिथून नस बाहेर पडते. चकतीत मधोमध खळगा असतो, ताटलीत वाटी ठेवल्यासारखा. तो सगळ्यांनाच असतो. तंतू सुकले की वाटी मोठी होते आणि ताटलीचा काठ बारीक उरतो. वाटी साधारणपणे ताटलीच्या 0.3-0.4 पट असते. आजोबांच्या उजव्या डोळ्यात 0.5 होती, डाव्यात 0.8.

हे मोजलं कॉम्प्युटरनं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. डॉक्टरांनी शेरा मारलेले हजारो फोटो दाखवून तिला काठ ओळखायला शिकवलेलं असतं. जिथं डोळ्याचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, तिथं हे काम मोलाचं आहे.

पण तिच्यावर डोळे मिटून भरवसा नको. (शब्द जरा चुकीचाच निघाला!) मोतीबिंदू दाट असेल तर फोटो धुकट येतो, आणि मशीन सांगते, 'वाचता येत नाही'. त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा नाही. काहींची चकती जन्मतःच मोठी, म्हणून वाटीही मोठी. त्यांच्यावर उगाच शंका येते. दाब तर फोटोत दिसतच नाही. तो वेगळा मोजावा लागतो, शिवाय कडेची नजर किती उरली ते पाहायला, दिवा चमकला की बटण दाबायची तपासणी.

खरी अडचण मशीनच्या पुढं आहे. शंकेची चिठ्ठी खिशात राहते. जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचा दिवस आणि बुडालेली मजुरी. आजोबा कापूस विकल्यावरच गेले, दोन महिन्यांनी. आता रोज थेंब टाकतात, आयुष्यभर टाकावे लागतील.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात कुणाला काचबिंदू असलेल्यांनी फोटो काढून घ्यावाच. डोळा खाजला की मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने टाकणाऱ्यांनी तर आधी. त्या थेंबांनीही दाब चढतो.

आजोबांच्या धाकट्या भावाला निरोप धाडलाय. सख्ख्या भावाला धोका जास्त. तो म्हणतो, "मले तं अजून सुईत दोरा ओवता येते, कायले येऊ?" पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्याच्या वावरात जाणार आहे.