तीस मीटरचा तास

(दृश्य : शाळेचं मैदान. मातीवर फक्कीच्या सहा रेघा.)

पीटीचा तास. शिट्टी वाजते, पोरं सुसाट सुटतात, पहिला-दुसरा कोण ते ठरतं. आपल्या बहुतेक शाळांत पळण्याचं शिक्षण एवढ्यावरच संपतं. पोहणं शिकवावं लागतं हे सगळ्यांना पटतं. वेगानं पळणंही शिकवावं लागतं.

(दृश्य : पळणारी मुलगी, जवळून.)

सहावीतल्या या मुलीचे हात बघा. मुठी आवळलेल्या, मान ताठ, हात छातीपुढून आडवे जाताहेत. त्यामुळे खांदे वळतात, कंबर वळते, पाऊल सरळ पडत नाही. पायांत जोर भरपूर आहे, हातापायांचा मेळ बसायचा आहे.

म्हणून बाई तिला आज आधी पळवत नाहीत. पाय लांब करून मातीत बसवतात. कोपर काटकोनात, मुठी सैल, हात खांद्यातून मागे-पुढे. हातांचा वेग वाढला की बसल्या जागी अंग उसळायला लागतं, पोरं हसतात, आणि पळताना हात किती काम करतात ते न सांगता कळतं.

मग उभ्यानं. पाय जुळवून घोट्यातून अख्खं अंग पुढे झुकवायचं, तोल जाऊ लागला की पाऊल टाकून सुटायचं. पहिली पावलं अशी झुकूनच, जमीन मागे रेटत.

(दृश्य : मुलं पालथी झोपलेली. शिट्टी.)

पालथं झोपून, पाठ करून, मांडी घालून बसून. शिट्टी झाली की उठून दहा मीटर. ऐकणं, तोल सावरणं, दिशा धरणं, सगळं एका क्षणात. कारक कौशल्यं म्हणतात ती हीच. आपल्या खो-खोत हे आयतंच आहे : पाठीवर खो मिळताच उठायचं आणि दिशा पकडायची. लंगडीनं एका पायावरचा तोल येतो, घोटा बळकट होतो.

2009 मध्ये बर्लिनला उसेन बोल्टनं 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात होता. शाळकरी मुलं आपला वेग त्याच्या कितीतरी आधी गाठतात. म्हणून इथे तीस मीटर पुरतात. पळायचं, चालत परत यायचं, दम पूर्ण खाली बसू द्यायचा. दमलेलं मूल चुकीचंच पळतं आणि तीच सवय लागते. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं तर बंदच व्हायला हवं. पळण्याची नावड तिथेच रुजते.

घड्याळ सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. आकडा ज्याच्या त्याच्या वहीत, स्वतःच्याच जुन्या आकड्याशेजारी.