‘मंकी’ गूल्डचं घर

[पडद्यावर अंधार. लोखंडी शेगड्यांमधले लाल निखारे.]

जानेवारी 1893. कार्डिफ शहर, वेल्स. थंडी अशी की आर्म्स पार्कचं मैदान दगडासारखं गोठलेलं. उद्या इंग्लंडशी रग्बीचा सामना आहे आणि या जमिनीवर जो पडेल त्याचं हाड मोडेल. म्हणून मैदानभर शेकडो शेगड्या मांडल्यात. रात्रभर माणसं त्या शेगड्या इकडून तिकडे सरकवताहेत, जमीन शेकताहेत. सकाळपर्यंत 18 टन कोळसा जळून गेला. जगभरच्या आगबोटींना कोळसा पुरवणारं हे बंदर. एका सामन्यासाठी त्याला 18 टनांचं काय!

दुसऱ्या दिवशी या काळवंडलेल्या, निसरड्या मैदानात वेल्सचा संघ उतरला. कप्तान होता 28 वर्षांचा, मिशीवाला, देखणा गडी. नाव आर्थर गूल्ड. गावात मात्र त्याला सगळे म्हणत ‘मंकी’. लहानपणी सतत झाडांवर चढलेला असायचा, म्हणून माकड.

[पडद्यावर न्यूपोर्टचा जुना नकाशा, अस्क नदी.]

गूल्डचा जन्म 1864 चा, न्यूपोर्टचा. वडील ऑक्सफर्डहून येऊन इथे स्थायिक झालेले, पितळेच्या ओतकामाचा कारखाना चालवायचे. म्हणजे वेल्सच्या पहिल्या रग्बी नायकाचं घराणं मुळात इंग्लंडचं. शिवाय न्यूपोर्ट ज्या मॉनमथशायर परगण्यात येतं, तो वेल्सचा की इंग्लंडचा, यावर तेव्हा कागदोपत्री घोळ होता. मैदानात कुणी हा प्रश्न विचारला नाही.

घरात मुलगे सहा, आणि सहाही जण न्यूपोर्टच्या क्लबकडून खेळले. आर्थरला 1882 साली संधी मिळाली. वय 18, जागा फुलबॅकची, म्हणजे सगळ्यांत मागे, शेवटचा राखणदार. त्या काळी फुलबॅकचं काम ठरलेलं: चेंडू हातात आला की लाथ मारून लांब धाडायचा. कप्तान ओरडून तेच सांगत होता. या पोरानं ऐकलं नाही. चेंडू काखेत घेतला आणि पळत सुटला, समोरच्यांना चुकवत थेट त्यांच्या रेषेपलीकडे. एकदा नव्हे, दोनदा. कप्तानाची बोलणी खाल्ली असतील तर असोत, पण संघातली जागा मात्र पक्की झाली.

पळणं हीच त्याची खरी विद्या. उन्हाळ्यात तो धावण्याच्या आणि अडथळ्यांच्या शर्यतींत उतरायचा, बक्षिसं मिळवायचा. ही बक्षिसांची गोष्ट ध्यानात ठेवा.

1885 मध्ये तो स्वॉन्सीला इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा वेल्सकडून खेळला, फुलबॅक म्हणूनच. नंतर मात्र तो मधल्या फळीत आला, आणि इथे रग्बीचं थोडं गणित समजून घ्यावं लागेल. संघ 15 जणांचा. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नऊ दणकट फॉरवर्ड पुढे रेटारेटी करणार आणि मागे पळणारे थ्री-क्वार्टर तीनच. 1884 मध्ये कार्डिफ क्लबची एक गोड अडचण झाली. जखमी खेळाडूच्या जागी घेतलेला फ्रँक हॅनकॉक असा खेळला की त्याला वगळवेना, आणि आधीच्या तिघांपैकीही कुणाला काढवेना. मग क्लबनं चारही थ्री-क्वार्टर खेळवले आणि फॉरवर्ड एकानं कमी केला. आज जगभर रग्बीत मागे चार थ्री-क्वार्टर असतात, त्यांचा उगम या भिडस्तपणात आहे.

1886 साली वेल्सनं स्कॉटलंडविरुद्ध ही चौकडी आजमावली. कप्तान हॅनकॉकच. स्कॉटलंडच्या नऊ फॉरवर्डनी वेल्सच्या आठांना असं दाबलं की सामना चालू असतानाच हॅनकॉकनं डाव मोडला आणि माणसं इकडची तिकडे केली. त्यात गूल्डला फुलबॅकला जावं लागलं. त्याला तो सगळा प्रकार बिलकूल रुचला नाही. चौघांच्या पद्धतीचा तो उघड विरोधक झाला. सात वर्षांनी तीच पद्धत सगळ्यांत सुंदर खेळवणारा कप्तान म्हणून त्याचं नाव झालं.

[पडद्यावर पुन्हा आर्म्स पार्क. धूर, गर्दी.]

तर 7 जानेवारी 1893. इंग्लंडचा कप्तान अँड्र्यू स्टॉडर्ट. क्रिकेटवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल. 1897-98 मध्ये रणजितसिंहजी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा कप्तान हाच होता. इंग्लंडचे फॉरवर्ड ताकदीचे आणि वेल्सपेक्षा एकानं जास्त. बघता बघता इंग्लंड 9-0 नं पुढे गेलं. कोळसा फुकट गेला असंच लोकांना वाटलं असणार.

आणि मग गूल्डला चेंडू मिळाला. निसरड्या जमिनीवर इंग्लंडचे जड गडी वळेपर्यंत तो पार झालेला असायचा. त्याची एक ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं), नॉर्मन बिग्जची एक. इंग्लंडनं पुन्हा एक मारली. गूल्डनं पुन्हा उत्तर दिलं. इंग्लंड 11, वेल्स 9.

शेवटाकडे वेल्सला पेनल्टी मिळाली, अगदी कडेला. कप्तानाचा हुकूम: चेंडू जमिनीवर ठेव आणि मार. लाथ मारणार होता बिली बॅनक्रॉफ्ट. तो म्हणाला, नाही, मी हातातून सोडून मारणार. भर मैदानात कप्तान आणि खेळाडूची हुज्जत जुंपली. गूल्ड वैतागून बाजूला झाला. बॅनक्रॉफ्टनं चेंडू हातातून सोडला, टप्पा पडताच मारला, आणि तो खांबांमधून गेला. 12-11.

दहा वर्षांपूर्वी स्वतः कप्तानाचं न ऐकणारा पोरगा आता त्याच जागी उभा होता. फरक इतकाच की यावेळी हुकूम मोडला म्हणूनच त्याचा संघ जिंकला.

त्या मोसमात वेल्सनं स्कॉटलंडला त्यांच्या घरी हरवलं, मग लनेथ्लीला आयर्लंडलाही. आयर्लंडविरुद्धची एकमेव ट्राय आर्थरचा भाऊ बर्ट गूल्डची. तिन्ही शेजाऱ्यांना एकाच मोसमात हरवणं म्हणजे ट्रिपल क्राउन. वेल्सचा हा पहिला.

[पडद्यावर जुन्या वर्तमानपत्रांची पानं.]

1896 पर्यंत गूल्ड वेल्सचा सर्वांत लाडका माणूस झाला होता. तो निवृत्तीकडे आलाय म्हटल्यावर गौरवनिधी निघाला. वर्गणीचा ओघ लागला, काही शे पौंड जमले. खुद्द वेल्सच्या रग्बी संघटनेनंही हातभार लावायचं ठरवलं. आपल्याकडे कुस्तीचा फड मारलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, रोख इनाम देतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण तेव्हाच्या रग्बीत पैसा म्हणजे विटाळ.

नुकताच, 1895 मध्ये, याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये खेळाची फाळणी झाली होती. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं साधं होतं: आमचे खेळाडू गिरणी-खाणीतले, शनिवारी खेळायला आले की मजुरी बुडते, ती भरून द्या. नकार मिळाला. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून त्यांनी वेगळी चूल मांडली. वेल्समध्येही स्वॉन्सीचे जेम्स बंधू, डेव्हिड आणि इव्हान, तांब्याच्या कारखान्यातले मजूर, पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून 1892 मध्ये खेळाबाहेर काढले गेले होते.

आणि गूल्ड? तो मजूर नव्हता. भावाबरोबर बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. त्या कामासाठी वेस्ट इंडिजला गेला, तेव्हा अख्खा एक मोसम न्यूपोर्टला त्याच्याविना खेळावं लागलं होतं. शर्यतींत बक्षिसं घेतली तेव्हा रग्बीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. मजुराला बुडालेली मजुरी नाही आणि कंत्राटदाराला थैली, हा हिशेब मला आजही जुळवता येत नाही. गूल्डबद्दल माया असूनही हे म्हणावंच लागतं.

रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं बजावलं: ही भेट म्हणजे धंदेवाईकपणा. वेल्समध्ये संताप उसळला. माघार घेतली तर आपले खाणकामगार खेळाडू तिकडे उत्तरेला जातील, ही भीतीही होतीच. वेल्सची संघटना सरळ मंडळातून बाहेर पडली. 9 जानेवारी 1897 ला गूल्ड शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला, इंग्लंडविरुद्ध, आपल्याच न्यूपोर्टमध्ये, 11-0 नं जिंकून. त्या वर्षी स्कॉटलंड आणि आयर्लंड वेल्सशी खेळलेच नाहीत.

19 एप्रिल, ईस्टरनंतरचा सोमवार. न्यूपोर्टच्या ड्रिल हॉलमध्ये मेजवानी. संघटनेचे अध्यक्ष सर जॉन लुएलिन उठले आणि त्यांनी गूल्डच्या हाती कागद ठेवले. न्यूपोर्टमधल्या एका घराचे. रोख रक्कम नको, मग घर घ्या, असा तो मामला.

[पडद्यावर घराचं दार. बंद.]

1898 च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. वेल्सनं मंडळात परतायचं, मात्र गूल्डला पुन्हा देशाकडून खेळवायचं नाही. खेळणं आधीच थांबवलेल्या माणसावर बंदी घालून सगळ्यांनी आपापली अब्रू राखली. घर परत मागायचा विषय निघाला नाही. स्कॉटलंडचा राग मात्र त्या मोसमातही गेला नाही. त्या वर्षीही वेल्सशी त्यांचा सामना झाला नाही.

पुढे गूल्ड एका मद्य कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरला. 2 जानेवारी 1919 ला, 54 व्या वर्षी, तो गेला. न्यूपोर्टमध्ये अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी वेल्समधल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या गर्दींपैकी एक मानली गेली.

तो वेल्सकडून 27 सामने खेळला, त्यातले 18 कप्तान म्हणून. कप्तानपदाचा हा विक्रम युएन इव्हान्सनं मोडला तेव्हा 1994 साल उजाडलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1995 मध्ये, पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय मंडळानं खेळाडूंना पैसे घ्यायची मुभा दिली.