विझवता न येणाऱ्या टप्प्याचे नियोजन

अध्यक्ष महोदय आणि सोलापूरकर श्रोतेहो,

घन इंधनाच्या टप्प्याने, म्हणजे रॉकेटच्या एका भागाने, कक्षांतर (उपग्रहाला एका कक्षेतून दुसरीत नेणे) कसे आखतात, हा आजचा विषय; पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी. ‘अॅपल’ हा आपला पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह म्हटला की सर्वांना बैलगाडीचे छायाचित्र आठवते. अँटेनाच्या चाचणीत धातूच्या वाहनाचा अडथळा नको म्हणून ती गाडी आणली होती, त्यामुळे बैलांचे कौतुक अवश्य व्हावे. मात्र १९ जून १९८१ रोजी एरियन रॉकेटने लंबवर्तुळाकार कक्षेत सोडलेल्या अॅपलला ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेकडे ज्या घन इंधनाच्या मोटारीने नेले, ती एसएलव्ही-३ या आपल्या उपग्रह प्रक्षेपक रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून घडवलेली होती, हे कोणी सांगत नाही. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रहाला कक्षेत पोहोचवणाऱ्या टप्प्याचे भावंड पुढच्याच वर्षी उपग्रहाच्या पोटात बसले, आणि प्रसिद्धी मिळाली ती बैलांना! (हशा)

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम पाहिलेल्यांना घन इंधनाचा स्वभाव समजावून सांगायला नको. एकदा पेटलेली मोटार इंधन संपेपर्यंत जळते; तिचा जोर वाटेत कमी करता येत नाही की ती मधेच बंदही करता येत नाही. आपल्या मे महिन्यासारख्या उष्म्यात ती अधिक जोराने पण कमी वेळ जळेल, एकूण आवेग, म्हणजे जोर आणि जळण्याचा वेळ यांचा गुणाकार, मात्र जवळपास तेवढाच राहील. त्यामुळे उपग्रहाला किती वेग मिळणार, हे इंधन साच्यात ओततानाच ठरलेले असते. आकाशात ठरवायचे उरतात ते दोनच प्रश्न: केव्हा पेटवायचे आणि कोणत्या दिशेने.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईतच मांडतो. लंबवर्तुळाकार कक्षेच्या सर्वांत दूरच्या टोकाशी उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर असतो आणि वर्तुळाकार कक्षेसाठी ३.०७ लागतो. तिथे तो इतका संथ असतो की पेटवण्यात काही सेकंदांची चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. दिशेचे तसे नाही: सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगवाढीत एका अंशाची चूक म्हणजे सेकंदाला सुमारे २६ मीटरचा आडवा वेग. मोटारीत गरजेपेक्षा जास्त आवेग असेल, तर इंधन कमी भरावे किंवा वजन वाढवावे. तेही जमत नसेल, तर जोर मुद्दाम तिरका लावून जास्तीचा आवेग कक्षेचे प्रतल (कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती) वळवण्यात खर्च करावा. हे वाया घालवणे नव्हे, हिशेब आहे.

राहिलेली बारीक दुरुस्ती द्रव इंधनाकडे. एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या उपग्रहांसाठीच्या रॉकेटचे तीन टप्पे घन आणि शेवटचा छोटा भाग द्रव आहे, तो यासाठीच. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात तिन्ही घन टप्प्यांनी काम चोख केले. पण संवेदकांच्या गोंधळामुळे शेवटची दुरुस्ती झाली नाही, आणि ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी दूरचे टोक ३५६ आणि जवळचे ७६ किलोमीटरवर अशी कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर वातावरण आहे. उपग्रह तिथे टिकले नाहीत.