उसाच्या ट्रॉलीला चिंचोका

नमस्कार. मागं ऐकू यायलंय का? बरं. आज विषयच ऐकू येण्याचा आहे म्हणून आधी विचारून घेतलं.

हिंगोलीच्या माणसाला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपायची वेधशाळा, समजावून सांगायची गरज नाही, औंढ्याकडं ते येणार म्हणल्यापासून पोराटोरांना गुरुत्वीय लहरी हा शब्द तोंडपाठ झालाय. मी आज त्याच्या चुलतभावाबद्दल बोलणार आहे, म्हणजे तो पण असाच, येऊन जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही अशातला. न्यूट्रिनो, विजेचा भार नसलेला, जवळजवळ बिनवजनाचा बारीक कण. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण साडेसहा हजार कोटी आरपार जायलेत, आत्ता, मी बोलतोय तोवर, आणि रात्री पण जातात, पृथ्वीतून खालून वर. कुणाला खाज सुद्धा सुटत नाही.

आता डोळ्यापुढं आणा. उसाचा सीझन आहे, दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्याबाहेर नंबर लावून उभा आहे, आणि तुम्ही कडेला उभं राहून भरल्या ट्रॉलीला एक चिंचोका फेकून मारला. ट्रॉली हलली का? न्यूटनला विचाराल तर हलली. ड्रायव्हरला विचाराल तर तो तुम्हालाच हलवील. पण चिंचोक्याकडं बघून काही कळणार नाही, तो तर उडून गेला, ट्रॉलीकडंच बघावं लागेल ती किती सरकली ते. एवढाच आहे बघा आजचा प्रयोग. ट्रॉली म्हणजे अणूचं केंद्रक, न्यूक्लियस, आणि त्याला लागलेला टल्ला मोजायचा. पुस्तकी मराठीत सुसंगत लवचिक विकिरण वगैरे म्हणतील, ह्या क्षेत्रातले लोक त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून नुसतं 'सेव्हन्स' म्हणतात, आपण टल्ला म्हणू.

हे होत असणार असं 1974 मध्ये डॅनियल फ्रीडमन ह्या अमेरिकन माणसानं कागदावर मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी सर्नमध्ये, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेत, सिद्ध झालं होतं की न्यूट्रिनो स्वतः न बदलता नुसता धक्का देऊन पण जाऊ शकतो, त्यावरून ह्यानं पुढचा हिशोब केला. आणि गंमत अशी की त्याच पेपरात त्यानं लिहून ठेवलं की हे मोजा म्हणणं हा आमचा आगाऊपणा ठरेल, कारण मोजणं फार अवघड आहे. मला हा माणूस त्या एका वाक्यासाठी आवडतो. आगाऊपणा पण केला आणि कबूल पण केला. मोजायला 43 वर्षं लागली.

सुसंगत का म्हणायचं, तर दिंडी आठवा. वीस टाळकरी आपापल्या मर्जीनं वाजवायलेत तर आवाज वीस माणसांचा, पण वीसही जण एका ठोक्यावर असले तर लहरी एकमेकींवर चढतात, आणि जोर वीसपट नाही, वीस गुणिले वीस, चारशेपटीकडं जातो. न्यूट्रिनोची एनर्जी कमी असली की त्याची तरंगलांबी न्यूक्लियसपेक्षा मोठी असते, त्याला आतला एकेक न्यूट्रॉन वेगळा दिसतच नाही, लांबून दिंडी एकच दिसावी तसं, मग सगळे न्यूट्रॉन एका ठोक्यावर उत्तर देतात. प्रोटॉन ह्या कामात जवळजवळ नुसते बघे. म्हणून धडकेची शक्यता न्यूट्रॉनच्या वर्गानं वाढते. आर्गॉनमध्ये न्यूट्रॉन 22, सीझियममध्ये 78, वर्ग करून बघा घरी, एका न्यूक्लियसमागं साडेबारा पटीचा फरक पडतो.

मग घ्या की जड अणू, सोपं आहे! नाही ना. ट्रॉली जेवढी जड तेवढी कमी हलणार. धडका भरपूर पण हालचाल नाही, हलका अणू घ्या तर हालचाल आहे पण धडका नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ह्या प्रयोगातली सगळी भांडणं ह्या एका म्हणीत बसतात.

एम.एस्सी.ला असताना आमच्या लॅबमध्ये सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर होता, कॉलेजचं नाव सांगत नाही. सरांनी सांगितलं आधी बॅकग्राउंड घ्या, म्हणजे कुठलाच सोर्स न ठेवता मोजा. आम्ही लावलं तर आकडे धाडधाड पुढं जायलेत, आम्हाला वाटलं मशीन बिघडली, दोनदा प्लग काढून लावला. सर हसले, म्हणले मशीन ठीक आहे, ही खोलीच बोलायलीय. भिंतीच्या विटा, त्यातलं पोटॅशियम, थोरियम, वरून येणारे कॉस्मिक किरण. आणि मधेच खालची बोअरची मोटार चालू झाली की आकड्यांची एकदम उडी! मी तेव्हा टिपून ठेवलं होतं, मोटार चालू 11 वाजून 20 मिनिटं. आता त्या गोंगाटात चिंचोक्याचा आवाज ऐकायचाय.

ते जमलं 2017 ला, अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिजला. तिथं प्रोटॉनचा मारा पाऱ्यावर करतात, खरं तर न्यूट्रॉन मिळवायला, न्यूट्रिनो हा फुकटातला माल. कोहेरंट नावाच्या गटानं आधी मोजमाप घेत बिल्डिंगभर जागा शोधली, न्यूट्रॉनचा त्रास सगळ्यात कमी कुठं म्हणून, कारण न्यूट्रॉन पण हुबेहूब तसाच टल्ला मारतो आणि आपण फसतो. शेवटी सापडला तळघरातला एक बोळ. त्याचं नाव आता न्यूट्रिनो अ‍ॅली पडलंय, म्हणजे न्यूट्रिनो बोळच. पाऱ्यापासून वीसेक मीटरवर, मधे काँक्रीट आणि खडी. तिथं सीझियम आयोडाइडचा एक स्फटिक ठेवला, वजन 14.6 किलो. न्यूट्रिनो पकडायचे डिटेक्टर हजारो टनांचे असतात हो, आणि हा एक माणूस उचलून ठेवील एवढा, शिशाचं चिलखत सोडून.

खरी युक्ती वेळेची होती. लातूरकरांना पटकन कळेल. नळाला पाणी कधी येणार ते माहीत असेल तर माणूस चोवीस तास नळाखाली बसत नाही, त्या घटकेला घागर लावतो. तिथं प्रोटॉनचे ठोके सेकंदाला 60, प्रत्येक ठोका मायक्रोसेकंदापेक्षाही छोटा, न्यूट्रिनो त्याच्यामागं काही मायक्रोसेकंदांत येऊन जातात. ठोक्यामागं दहा मायक्रोसेकंद कान उघडा ठेवला तरी अख्ख्या सेकंदातला हजारावा भाग सुद्धा होत नाही, बाकी वेळ खोली काय बडबडायची ती बडबडू दे. तरी टल्ल्यातून डिटेक्टरला मिळायचं काय, तर दहा-वीस इलेक्ट्रॉन सुटतील एवढा उजेड. तीनशेच्या वर दिवस बीम चालली आणि हाती आले 134 टल्ले, त्यात 22 चं मागंपुढं. दोन-सव्वादोन दिवसाला एक. हा नुसता योगायोग नाही ह्याची खात्री फिजिक्समध्ये सिग्मात मोजतात, पाच सिग्माला शोध म्हणतात, हे 6.7 होतं. पुढं त्याच बोळात आर्गॉनमध्ये पण दिसलं, मग जर्मेनियममध्ये, दिंडीचा हिशोब बरोबर निघाला.

अणुभट्टीजवळ मात्र लई वर्षं जमेना. भट्टीतून न्यूट्रिनो बेसुमार, पण त्यांची एनर्जी कमी, त्यामुळं टल्ला अजून दहा-वीस पटीनं बारीक, आणि पाणी चोवीस तास चालूच, घागरीची युक्ती चालत नाही. भट्टी बंद असताना मोजायचं, चालू असताना मोजायचं आणि वजाबाकी करायची, हाच एक मार्ग. कोनस नावाचा गट जर्मनीत ब्रोकडॉर्फला बसला होता, ती भट्टीच 2021 च्या शेवटी कायमची बंद झाली. बाडबिस्तरा उचलून ते स्वित्झर्लंडला लाइबश्टाटला गेले, जर्मेनियमचे एकेक किलोचे डिटेक्टर, भट्टीच्या गाभ्यापासून 20.7 मीटरवर. 2025 मध्ये त्यांनी छापलं, 119 दिवसांत 395 टल्ले, 106 चं मागंपुढं, 3.7 सिग्मा. त्याच्या आधी अमेरिकेतल्या एका भट्टीवरनं असाच दावा झाला होता, तो लोकांना पटला नाही, वाद झाला. माझं मत विचाराल तर असले वाद व्हायलाच पाहिजेत, बोअरची मोटार कुणाच्याही तळघरात असू शकते.

आपल्याकडं मुंबईला ध्रुव भट्टीजवळ बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, लोकांनी इस्मरान नावाचा डिटेक्टर लावलाय, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा, पण तो जुन्या पद्धतीनं, प्रोटॉनवर आदळून त्याचा न्यूट्रॉन होतो ते बघून, न्यूट्रिनो ओळखतो. त्या पद्धतीला न्यूट्रिनोकडं किमान 1.8 एमईव्ही (कणांची एनर्जी मोजायचं माप) एनर्जी लागते, त्याच्या खालचे दिसतच नाहीत. टल्ल्याला अशी अट नाही, डिटेक्टरचा कान जेवढा तिखट तेवढं खालचं ऐका.

आणि एक गंमत सांगून थांबतो. जमिनीखाली टनावारी द्रव झेनॉन भरून लोक डार्क मॅटरची, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाची, वाट बघत बसलेत, इटलीत एक, चीनमध्ये एक. 2024 मध्ये दोघांनाही सूर्याच्या न्यूट्रिनोचे टल्ले दिसायला लागले, तेव्हा ते तीन सिग्माच्या आतच होतं, पण दोघांना दिसलं. डार्क मॅटरचा टल्ला पण हुबेहूब असाच असणार, त्यामुळं ते लोक आता ह्याला न्यूट्रिनोचं धुकं म्हणतात आणि वैतागतात. फ्रीडमनला जे मोजणं म्हणजे आगाऊपणा वाटला होता ते ह्यांच्या घरात विटेतलं पोटॅशियम होऊन बसलं.

माईक मागं पाठवा, त्या कोपऱ्यातल्या पोरीचा हात मघापासून वर आहे.