मित्राची नाराजी पत्करून

(दृश्य: बेलफास्टमधलं स्टॉरमाँट. रुक्ष सरकारी इमारत, फाटकाबाहेर पत्रकारांची गर्दी.)

9 एप्रिल 1998. मध्यरात्रीची मुदत टळून गेली, तरी आत घासाघीस सुरूच आहे. मुदत घातली होती जॉर्ज मिचेल यांनी. अमेरिकेचे माजी सिनेटर, उत्तर आयर्लंडच्या शांतता वाटाघाटींचे अध्यक्ष.

ब्रिटनच्या घरच्या भांडणात अध्यक्षाच्या खुर्चीवर अमेरिकी माणूस! काही वर्षांपूर्वी लंडनने हे चालवून घेतलं नसतं.

1994 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गेरी अ‍ॅडम्स यांना व्हिसा दिला. अवघ्या 48 तासांचा. अ‍ॅडम्स शिन फेनचे नेते, आणि शिन फेन म्हणजे आयआरएची (आयरिश रिपब्लिकन आर्मी, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) राजकीय आघाडी. ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर संतापले. खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचाही विरोध होता. पण त्याच वर्षी 31 ऑगस्टला आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. सगळं श्रेय त्या व्हिसाला देता येणार नाही. उत्तर आयर्लंडमधले मवाळ आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम कित्येक वर्षं अ‍ॅडम्स यांच्याशी बोलत होते. तरी बंदुका खाली ठेवा म्हणून आपल्या माणसांना पटवायला अ‍ॅडम्स यांच्या हाती काहीतरी लागलं. दोस्तीखातर क्लिंटन गप्प बसले असते, तर ते लागलं नसतं.

मिचेल यांचं भांडवल एकच: चिकाटी. जून 1996 मध्ये बोलणी सुरू झाली, तेव्हा ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या युनियनिस्टांचे कडवे नेते इयन पेस्ली त्यांना अध्यक्ष मानायलाच तयार नव्हते. मिचेल ऐकून घेत राहिले. जोडीला फिनलंडचे हॅरी होलकेरी आणि कॅनडाचे जनरल जॉन द शॅस्तलेन.

(दृश्य: पहाट. खिडक्यांत दिवे.)

आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न बुधवारीच आईचे अंत्यसंस्कार उरकून परतले आहेत. ब्रिटनचे नवे पंतप्रधान टोनी ब्लेअर इथेच तळ ठोकून आहेत. क्लिंटन वॉशिंग्टनहून एकेका नेत्याला फोन लावताहेत. शुक्रवारी दुपारी सगळं अडलं ते शस्त्रांवर. आयआरए ती खाली ठेवणार कधी? डेव्हिड ट्रिम्बल यांच्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षात फूट पडायची वेळ आली. ब्लेअर यांनी त्यांना लेखी आश्वासन दिलं, आणि संध्याकाळी मिचेल यांनी करार झाल्याचं जाहीर केलं.

मे महिन्यातल्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या 71 टक्के मतदारांनी होकार दिला. शस्त्रांचं घोंगडं मात्र भिजत पडलं. द शॅस्तलेन यांचा निःशस्त्रीकरण आयोग त्यामागे लागून राहिला. आयआरएने आपली शस्त्रं निकामी केल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा 2005 चा सप्टेंबर उजाडला होता. साक्षीला दोन धर्मगुरू होते, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट.