जेवणानंतरचा चहा आणि रक्तातले लोह

नमस्कार. आजच्या व्हिडिओचा विषय आहे जेवणासोबत किंवा जेवण झाल्याझाल्या घेतला जाणारा चहा, आणि त्याचा आपल्या रक्तातल्या लोहाशी असलेला संबंध. चहा चांगला की वाईट, हा वाद मला इथे घालायचा नाही. चहाचा कप जेवणापासून किती अंतरावर आहे, यावर ताटातल्या भाजीभाकरीतले लोह अंगी लागते की नाही हे बऱ्याच प्रमाणात ठरते, एवढेच मला सांगायचे आहे. आणि ज्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, त्या राज्यात ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

हे निम्म्याहून अधिक म्हणजे नेमके किती, ते आधी पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि संपूर्ण देशात हे प्रमाण ५७ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये तर देशभरात ६७ टक्के बालकांचे हिमोग्लोबिन कमी आढळले. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तामागे १२ ग्रॅमच्या खाली आणि गर्भवतीचे ११ ग्रॅमच्या खाली गेले, की त्याला रक्तक्षय म्हणतात. जिना चढताना धाप लागणे, दुपारपर्यंतच अंग गळून जाणे, छातीत धडधडणे, मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची रोजच्या जगण्यात दिसणारी रूपे आहेत. बाळंतपणात मात्र त्याचा धोका फार गंभीर होतो, कारण ज्या स्त्रीचे रक्त मुळातच कमी आहे तिला प्रसूतीनंतरचा थोडा अधिक रक्तस्रावही सोसत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह असते जेमतेम तीन ते चार ग्रॅम, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून दर महिन्याला लोह बाहेर जाते आणि ते अन्नातूनच भरून काढावे लागते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाने रोज १९ मिलिग्रॅम लोह आहारातून घ्यावे, तर पाळी येणाऱ्या स्त्रीने २९ मिलिग्रॅम. शरीराला प्रत्यक्ष लागणारे लोह याच्या मानाने फारच थोडे, म्हणजे दिवसाला एकदोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. तरीही आहारातले प्रमाण एवढे मोठे सांगावे लागते, कारण आपल्या जेवणातले बहुतांश लोह आतड्यातून रक्तात शिरतच नाही.

ते का शिरत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. मटण, मासळी, कलेजी यांतल्या लोहाचा एक भाग प्राण्याच्या रक्तातल्या आणि स्नायूतल्या रंगद्रव्यात सुरक्षित बसलेला असतो, आणि तो तसाच्या तसा आतड्याच्या पेशीत घेतला जातो. सोबत काय खाल्ले वा प्यायले याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. बाजरी, नाचणी, मटकी, हरभरा, राजगिरा, माठ, अळीव, गूळ यांतले लोह असे सुरक्षित नसते. जठरातल्या आम्लात ते सुटे होते आणि लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, जिथे लोह शोषले जाते, तिथे पोहोचेपर्यंत वाटेत जे भेटेल त्याला चिकटते. धान्य आणि कडधान्य यांच्या सालीजवळ असणारे फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते. आणि त्याच वेळी पोटात चहा असेल, तर चहातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्येही त्याला बांधून टाकतात. जिभेला चहाचा जो तुरटपणा जाणवतो, तो याच द्रव्यांचा. एकदा अशी गाठ पडली की ते लोह आतड्याला घेता येत नाही आणि मळावाटे निघून जाते.

हा परिणाम किती मोठा असतो, याचे आपल्या जेवणाच्या अगदी जवळचे उत्तर बंगळुरूमध्ये झालेल्या एका अभ्यासातून मिळते, जो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तरुण भारतीय स्त्रियांना भाताचे जेवण देऊन त्यातले लोह किती शोषले जाते हे मोजले गेले. त्यातल्या काही स्त्रियांना लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होता आणि काही निरोगी होत्या. जेवणासोबत एक कप चहा घेतल्यावर लोहाचे शोषण साधारण निम्म्यावर आले, आणि दोन कप घेतल्यावर ते साधारण दोन तृतीयांशाने घटले. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे शरीर लोहासाठी आसुसलेले असते आणि एरवी ते अधिक लोह ओढून घेते. तरीही चहापुढे त्यांच्यातही घट जवळपास तितकीच झाली. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्यांना लोहाची सर्वाधिक गरज आहे त्यांना शरीर आपोआप सांभाळून घेईल, या समजुतीला तिथे आधार मिळत नाही.

आता अनेकांच्या मनात प्रश्न येईल, की आपला चहा तर दुधाचा असतो, मग दूध ही द्रव्ये शोषून घेत नसेल का? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नेमके हेच तपासले होते, आणि दूध घातल्याने चहाचा लोह अडवण्याचा गुण जवळपास तसाच राहतो असे दिसले. त्याच संशोधनात कोऱ्या चहाने पावासोबतच्या लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी कमी केले होते. चहा जितका कडक, पावडर जितकी जास्त, तितकी ही द्रव्ये जास्त उतरतात. आरोग्यासाठी म्हणून ग्रीन टी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की तीही याच झाडाची पाने आहेत आणि जेवणासोबत तीही लोह अडवते. कॉफीचा परिणाम चहापेक्षा कमी असतो, पण असतोच.

आता मूळ मुद्दा वेळेचा. १९८३ सालच्या कॉफीवरील एका अभ्यासात असे आढळले, की जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने लोहाच्या शोषणावर काहीच परिणाम झाला नाही. मात्र जेवणानंतर एका तासाने घेतलेल्या कॉफीने जेवणासोबतच्या कॉफीइतकाच अडथळा केला. याचे कारण उघड आहे. जेवण पोटातून लगेच पुढे सरकत नाही, ते हळूहळू आतड्यात उतरत राहते, आणि तासाभरानंतरही प्यायलेले पेय त्याला वाटेत गाठते. अलीकडे चहावर झालेल्या एका अभ्यासात तासाभराच्या अंतराने हा अडथळा सौम्य झाल्याचे दिसले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. हे सगळे एकत्र पाहता, जेवणाआधी एक तास पुरेसा आहे, आणि जेवणानंतर मात्र एक तास हे कमीत कमी अंतर समजून शक्य असेल तर दीड ते दोन तास थांबावे, असे मी सुचवेन.

आपल्या दिवसाकडे या नजरेने पाहिले तर काही गोष्टी आधीच ठीक आहेत. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी घेतलेल्या नुसत्या चहाने लोहाचे नुकसान होत नाही, कारण तेव्हा पोटात अडवण्याजोगे लोहच नसते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांसाठी तो वेगळा प्रश्न आहे. दुपारी एकला जेवून चारला चहा घेण्याची आपल्या घरांतली जुनी रीत तर उत्तमच आहे. अडचण आहे ती न्याहारीच्या चहाची, आणि ऑफिसमध्ये डबा खाऊन झाल्यावर टपरीवर जाऊन घेतल्या जाणाऱ्या कटिंगची. कांदेपोह्यांवर लिंबू पिळायचे आणि पाठोपाठ चहा प्यायचा, यात एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

कारण लिंबाचे काम चहाच्या नेमके उलट असते. लिंबातले क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या आणि आतड्याला घेता येईल अशा रूपात ठेवते, आणि फायटेटची पकडही सैल करते. बंगळुरूच्या त्याच अभ्यासात जेवणात क जीवनसत्त्व मिसळल्यावर लोहाचे शोषण दुपटीहून पुष्कळ जास्त वाढले होते. फक्त हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू पोहे, उसळ किंवा आमटी गॅसवरून उतरवल्यावर, शक्यतो ताटात वाढल्यावरच पिळावे. पेरू आणि आवळा यांत तर लिंबापेक्षाही क जीवनसत्त्व कितीतरी अधिक असते, त्यामुळे जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी किंवा किसलेला ताजा आवळा असेल तर त्याला तोड नाही. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबा-टोमॅटोतले सायट्रिक आम्लसुद्धा लोहाच्या शोषणाला मदत करते. मटकीला मोड आणणे किंवा पीठ आंबवणे या आपल्या पद्धतींनी फायटेट कमी होते. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू, बाजूला कच्च्या कोबी-टोमॅटोची कोशिंबीर आणि बाजरीची भाकरी हे ताट लोहाच्या दृष्टीने इतके चांगले जमलेले आहे, की त्यावर चहा ओतू नये, एवढेच पथ्य उरते. जेवणानंतर काही प्यावेसे वाटलेच, तर आमसुलाचे सार किंवा सोलकढी आहे.

   

लहान मुलांबद्दल मात्र मला थांबून बोलायचे आहे. अनेक घरांत दोन-तीन वर्षांच्या मुलाला चहात बुडवून बिस्किट किंवा चहा-पोळी दिली जाते, आणि तीच त्याची न्याहारी असते. त्या वयात पोट लहान असते, त्यात मावणारे अन्नही थोडे असते, आणि मेंदूची वाढ वेगाने चालू असल्यामुळे लोहाची गरज मोठी असते. अशा वेळी चहाने भूक मारली जाते आणि सोबतच्या पोळीतले थोडेसे लोहही वाया जाते. लहान मुलांना चहा मुळीच देऊ नये, याबाबतीत मला मधला मार्ग दिसत नाही.

ज्या गर्भवती आणि बाळंत स्त्रिया सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी हे सगळे अधिकच लागू आहे. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी दिली जाते, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल असते. ही गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली तर तिचा मोठा भाग फुकट जातो. ती साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. दुधाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी दिवसाच्या वेगळ्या वेळी घ्यावी, कारण कॅल्शियमही लोहाला अडवते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, पण गोळी बंद करू नये. शौचाला काळे होणे हा या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरून जाऊ नये.

मला याची जाणीव आहे की वेळ पाळण्याचा सल्ला सगळ्यांना सारखाच परवडणारा नाही. पहाटे ऊसतोडीला निघणारी स्त्री किंवा सकाळच्या गाडीने चार घरची कामे करायला जाणारी स्त्री चहाबरोबर शिळी भाकरी खाते, कारण तिला तेवढाच वेळ असतो आणि त्या गरम कपाने अंगात तरतरी येते. तिला चहा सोडायला सांगणे मला योग्य वाटत नाही. तिने सकाळचा चहा ठेवावा, आणि भाजी-डाळ-भाकरी असलेली दोन मोठी जेवणे चहापासून दूर ठेवावीत. दिवसातले बहुतेक लोह त्याच दोन जेवणांत असते, आणि तेवढे वाचले तरी बरेच साधते.

शेवटी एक खबरदारी सांगतो. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. शाकाहारी घरांत ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिनेही रक्त कमी होते. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या काही प्रकारांत तर शरीरात लोह जास्त साठते आणि अशा रुग्णांना डॉक्टर जेवणासोबत चहा घ्यायलाही सांगू शकतात. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आले तर स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू न करता डॉक्टरांना विचारून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, आणि गरजेप्रमाणे इतर तपासण्या करून घ्याव्यात. लोहाचीच कमतरता निघाली आणि हिमोग्लोबिन बरेच खाली असेल, तर केवळ चहाची वेळ बदलून किंवा अळिवाचे लाडू खाऊन ते वर येणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढू लागते, परंतु शरीरातला रिकामा झालेला साठा भरायला त्यापुढे आणखी महिने लागतात. म्हणून रिपोर्टमधला आकडा सुधारल्यावरही डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, आणि ते तीन महिने मध्येच सोडून देऊ नयेत.